एकाच घरातील दोन स्टिरॉइड

दिल्लीतील मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग फार लांब नाही. कमानी सभागृह, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान पीठ, फरीदकोट हाउसमधील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आणि जुने महाराष्ट्र सदन या साऱ्या वास्तू या एकाच रस्त्यावर आहेत. इंग्रजी अमदानीत हा लिटन रोड होता. स्वतंत्र भारताने त्याला एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव दिले. पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, हे रोज डोळ्यांना दिसत असतानाही ते खरे नाही, असे १५४३ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारा हा माणूस. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणि पुढे शासकीय सेवक म्हणून या रस्त्यावरून अनेकदा जाताना मला वाटत आले आहे की, गैरसमज हा अज्ञानातून कमी आणि अर्धवट दिसलेल्या सत्यातून अधिक जन्मतो. गेल्या हिवाळ्यात याच रस्त्यावर मला त्याचा दाखला मिळाला.

जुन्या महाराष्ट्र सदनाच्या भोजनगृहात सकाळी पोह्यांच्या बशीसमोर एक पिता-पुत्र बसले होते. वडील कोल्हापूर जिल्ह्यातील ऊसउत्पादक, मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा मल्ल. एका स्पर्धेसाठी ते दिल्लीत आले होते आणि आमदारांच्या पत्रावर त्यांना सदनात खोली मिळाली होती. मुलासमोर प्रथिनांच्या भुकटीचा मोठा डबा होता. त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या लहान पिशवीत काही गुलाबी गोळ्या होत्या. पिशवीवर नाव नव्हते, कंपनी नव्हती, मुदतीची तारीख नव्हती. मी विचारले, तेव्हा मुलगा म्हणाला, ‘‘जिममधल्या सरांनी दिल्यात. ताकदीच्या आहेत.’’ वडिलांनी अभिमानाने पुस्ती जोडली, ‘‘पोराच्या खुराकाला काय कमी पडू देत न्हाई साहेब. दोन म्हशी इकल्या.’’

बोलता बोलता घरची चौकशी झाली. धाकटी मुलगी अकरा वर्षांची, दम्याची. थंडी पडली की रात्र रात्र उशीला टेकून बसून काढते. डॉक्टरांनी इन्हेलर दिला होता, तो महिनाभर वापरला आणि मग बंद केला. का, असे विचारताच ते गृहस्थ पुढे झुकून, जणू एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाले, ‘‘त्यात स्टेरॉइड असतंय साहेब. पोरीच्या जातीला नको ते.’’

एकाच घरात एक स्टिरॉइड नाकारले जात होते आणि बहुधा दुसरे विकत घेतले जात होते. जे नाकारले होते ते त्या मुलीचा श्वास मोकळा करणारे होते. जे विकत घेतले जात असावे, ते त्या मुलाचे आयुष्य पोखरू शकणारे होते. आणि दोन्ही निर्णयांच्या मुळाशी बापाचे प्रेमच होते.

या गृहस्थांना मी दोष देऊ शकत नाही, कारण त्या गैरसमजात माझाही वाटा आहे. सेवेत असताना एका जिल्ह्याच्या ठिकाणी तालमी आणि व्यायामशाळांतून उत्तेजक औषधांविरुद्ध मोहीम काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी एक भित्तिपत्रक मंजूर केले. त्यावर कवटीचे चित्र होते आणि खाली मोठ्या अक्षरांत तीनच शब्द होते: ‘स्टिरॉइड म्हणजे विष’. घोषवाक्य सुटसुटीत असल्याचे मला समाधान होते. काही महिन्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भेटीत एका ज्येष्ठ परिचारिकेने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘साहेब, तुमचा कागद आमच्या भिंतीवरून काढू का? दम्याच्या पोरांचे आईबाप तो वाचून औषध परत करतात.’’ मी तो काढायला सांगितला. पण गावोगावी लागलेले बाकीचे कागद किती दिवस राहिले, हे मी कधी तपासले नाही. आज ते आठवते.

मुळात ‘स्टिरॉइड’ हे एका औषधाचे नाव नाही. ते एका रासायनिक कुळाचे नाव आहे. कार्बनच्या १७ अणूंनी बनलेली चार कड्यांची एक चौकट, त्यांतील तीन कडी षट्कोनी आणि एक पंचकोनी, ही या कुळाची ओळख. आपल्या रक्तातील कोलेस्टेरॉल या कुळातले, पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन आणि स्त्रीचे इस्ट्रोजेन याच कुळातले, संततिनियमनाच्या गोळ्यांतील संप्रेरकेही याच कुळातली. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी दररोज पहाटे कॉर्टिसॉल नावाचे स्टिरॉइड रक्तात सोडतात. त्यावाचून माणूस अंथरुणातून उठू शकणार नाही. म्हणजे स्टिरॉइडला विष म्हणणारा प्रत्येक जण ते शरीरात घेऊनच हिंडत असतो.

औषध म्हणून या कुळाच्या दोन शाखा आपल्या कामाच्या. पहिली कॉर्टिसॉलच्या वळणाची: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बुडेसोनाइड इत्यादी. ती दाह आणि सूज आटोक्यात आणते आणि अनावर झालेल्या प्रतिकारशक्तीला लगाम घालते. दुसरी टेस्टोस्टेरॉनच्या वळणाची. तिला शरीरवर्धक म्हणता येईल. ती स्नायू वाढवते आणि पुरुषत्वाची लक्षणे ठळक करते. आडनाव एक असले तरी दोघींचे स्वभाव भिन्न आहेत. किंबहुना स्नायूंच्या बाबतीत ते परस्परविरोधी आहेत: पहिल्या शाखेतील औषध मोठ्या मात्रेत फार काळ घेतले तर स्नायू झिजतात. दम्याच्या इन्हेलरने मुलीला मिशा फुटतील, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

पहिल्या शाखेचा इतिहास भीती आणि भक्ती या दोन्हींचा उगम एकाच वेळी दाखवतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला एक नवे द्रव्य टोचले. काही दिवसांतच, जिला कूस बदलणे कठीण होते, ती स्त्री चालू लागली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वृत्तपत्रांनी त्याला चमत्कार म्हटले, आणि चमत्काराचे जे होते तेच झाले: मात्रा वाढल्या, मुदती लांबल्या. मग चेहरे चंद्रासारखे सुजू लागले, हाडे ठिसूळ झाली, साखर वाढली, जंतुसंसर्ग बळावले. चमत्कार दोनचार वर्षांतच शाप ठरला. वस्तुतः औषध तेच होते. चुकली होती ती मात्रा आणि मुदत. पण लोकस्मृतीत मात्रेचे आकडे राहत नाहीत, सुजलेला चेहरा राहतो.

त्या स्मृतीची किंमत आज मोजली जात आहे. जागतिक आरोग्यभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. मात्र दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. या तफावतीमागे प्रदूषण आहे, दारिद्र्य आहे, उशिरा झालेले निदान आहे. पण इन्हेलरविषयीचे भयही निश्चित आहे. इन्हेलरमधील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशात मोजतात. गोळीतील मात्रा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे त्याच्या हजारपटीच्या एककात. शिवाय ते औषध थेट श्वासनलिकेत जाते. रक्तात फार थोडे उतरते. वापरानंतर चूळ भरली की तोंडात बुरशी येण्याचा धोकाही कमी होतो. आपल्या घरांत मात्र उलटी समजूत आहे: गोळी साधी, इन्हेलर जहाल, इन्हेलर म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून तो कपाटात दडवणारी सुशिक्षित घरे मी पाहिली आहेत.

‘सुटत नाही’ या समजुतीचा उलगडा करणे आवश्यक आहे. या औषधांचे व्यसन लागत नाही. परंतु गोळीच्या रूपात ती अनेक आठवडे घेतली, तर शरीराला बाहेरून मिळत असल्याने आतल्या ग्रंथी काम थांबवतात. अशा वेळी रुग्णाने घाबरून एका दिवसात गोळी बंद केली, तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात, ग्रंथींना जागे व्हायला वेळ देतात. भीतीपोटी औषध अचानक सोडणारा रुग्ण ज्या संकटापासून पळत असतो, त्यापेक्षा मोठे संकट ओढवून घेतो.

याच शाखेचे एक काम तर बहुतेकांच्या गावीही नाही. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ घातली असता आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून, अशा मातेला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी डेक्सामेथासोनची पहिली मात्रा देण्याची मुभा प्रशिक्षित एएनएम परिचारिकेला दिली. काही रुपयांचे हे इंजेक्शन आहे. ज्या शब्दाला आपण विष म्हणतो, त्याच शब्दाच्या आधारावर आज आपल्या गावांतली कितीतरी मुले शाळेत जात आहेत.

मात्र भीतीला भक्ती हे उत्तर नव्हे. ते आपण २०२१ मध्ये पाहिले. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने सिद्ध केले की दिवसाला अवघे ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास, कृत्रिम श्वसनावरील करोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटतात. त्याच चाचणीने हेही सांगितले होते की ज्यांना प्राणवायूची गरज नाही, त्यांना याचा लाभ होत नाही. पहिले वाक्य घरोघरी पोचले, दुसरे पोचले नाही. दुसऱ्या लाटेत पहिल्या तापाच्या दिवशीच, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून, मधुमेहींनीही स्टिरॉइड घेतले. त्यानंतर काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, संकट आले. माणसांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. जूनअखेर देशात ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार त्यांतील निम्म्याहून अधिक जणांनी स्टिरॉइड घेतले होते आणि सुमारे दोन तृतीयांश मधुमेही होते. गुजरात आणि महाराष्ट्र या राज्यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. तो कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून जन्मलेला. सरकारी औषधाविषयीचा संशय आणि घरगुती उपायावरचा अंधविश्वास हे दोन्ही त्या प्लेगच्या काळातही शेजारी शेजारी नांदत होते, हे इतिहासाचा विद्यार्थी विसरू शकत नाही.

भक्तीची आणखी दोन रूपे रोज आपल्या डोळ्यांसमोर आहेत. एक म्हणजे चेहरा उजळावा म्हणून किंवा गजकर्णासाठी औषध दुकानातून मागून आणलेली मलमे. अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, रंग काही आठवडे उजळल्यासारखा वाटतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि दबलेले गजकर्ण अंगभर पसरते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक स्टिरॉइडयुक्त मलमांच्या विक्रीला डॉक्टरांची चिठ्ठी अनिवार्य केली. दुकानाच्या काउंटरवर त्याचे पालन किती होते, हे वाचकांनी स्वतःच्या गल्लीत पाहावे. दुसरे रूप म्हणजे गुडघेदुखीवरची, दम्यावरची ‘शंभर टक्के जडीबुटी’ची पुडी. तिने दुसऱ्याच दिवशी आराम पडला, तर तो जडीबुटीचा गुण नसून भुकटीत मिसळलेल्या स्टिरॉइडचा असू शकतो. ज्यांनी स्टिरॉइडच्या भयाने डॉक्टर सोडला, तेच अनेकदा या पुडीतून मात्रेचे बंधन नसलेले स्टिरॉइड घेत असतात.

आता दुसऱ्या शाखेकडे वळू. टेस्टोस्टेरॉनचे कृत्रिम उत्पादन १९३५ मध्ये साध्य झाले आणि त्याबद्दलचे रसायनशास्त्राचे नोबेल १९३९ मध्ये बुटेनांट आणि रुझिच्का यांना जाहीर झाले. १९५० च्या दशकात जॉन झीग्लर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी वजन उचलणाऱ्यांवर याचे प्रयोग केले, आणि १९५८ मध्ये सीबा कंपनीने मेथॅन्डायनोन ही गोळी ‘डायनाबॉल’ या नावाने बाजारात आणली. झीग्लर यांना पुढे आपल्या कामाचा पश्चात्ताप झाला. पण गोळी जगभर पसरली होती. पूर्व जर्मनीने तर सरकारी योजना आखून कोवळ्या मुलींनाही अशा निळ्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वे म्हणून.

इथे वैद्यकाच्या प्रतिष्ठितांनी केलेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या भित्तिपत्रकाची थोरली बहीण आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या महाविद्यालयाने भूमिका घेतली की या औषधांनी कामगिरी सुधारते याला निर्णायक पुरावा नाही. व्यायामशाळेतल्या पोरांना आरशात वेगळेच दिसत होते. १९८० च्या दशकात ती भूमिका बदलावी लागली; आणि १९९६ मध्ये शलेंदर भसीन व सहकाऱ्यांच्या काटेकोर प्रयोगाने दाखवले की मोठ्या मात्रेतील टेस्टोस्टेरॉनने, व्यायाम न करताही, स्नायू वाढतात. मधल्या काळात डॉक्टरांची पत गेली आणि विक्रेत्याची वाढली. ‘यांना काही कळत नाही’ असे एकदा ठरले, की ‘यकृत बिघडते’ हा त्यांचा खरा इशाराही कोणी ऐकत नाही. चांगल्या हेतूने सांगितलेले अर्धसत्य शेवटी वाईट हेतूच्या माणसाच्याच कामी येते.

म्हणून सत्य सरळ सांगावे: हे औषध काम करते. आणि त्याची किंमतही वसूल करते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की वृषणे स्वतःचे काम थांबवतात, ती आकसतात, शुक्रजंतू घटतात. पुरुषाची छाती स्त्रीसारखी वाढू शकते. तोंडाने घ्यायच्या बहुतेक गोळ्या यकृताला जाचतात. रक्तातील हितकारक कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाचा स्नायू जाड होतो. वाढत्या वयातील मुलाची हाडे वेळेआधी जुळून त्याची उंची खुंटते. मुलींचा आवाज घोगरा झाला तर पुन्हा पूर्ववत होत नाही. यातले बरेचसे आरशात दिसत नाही. तिथे दिसतो तो फक्त दंड.

आपल्या भाषेनेही थोडा घोटाळा केला आहे. मराठी वृत्तपत्रे ‘उत्तेजक सेवन’ असे छापतात, आणि वाचकाला वाटते की कुस्तीपूर्वी तासभर काहीतरी घेऊन मल्ल पेटून उठतो. शरीरवर्धक स्टिरॉइड त्या अर्थाने उत्तेजक नाही. ते सरावाच्या आठवड्यांत घेतले जाते. स्पर्धेच्या दिवशी ते घेतलेले असण्याची गरजही नसते, तरी त्याचे अवशेष लघवीत दीर्घकाळ सापडू शकतात. म्हणूनच चाचण्या स्पर्धेबाहेरही होतात.

२०१६ चे नरसिंग यादव प्रकरण महाराष्ट्राला आठवत असेल. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत लास व्हेगासला कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिम्पिकची जागा देशाला मिळवून दिली होती. त्या जागेसाठी सुशील कुमार यांनी निवडचाचणीची मागणी केली, दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये ती फेटाळली, आणि त्याच महिन्यात घेतलेल्या नमुन्यात मेथॅन्डायनोन सापडले. झीग्लर यांच्या काळातली, ५८ वर्षांपूर्वीची तीच गोळी. खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळल्याचा नरसिंग यांचा दावा राष्ट्रीय संस्था ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्टला मान्य केला, जागतिक संस्थेने आव्हान दिले, आणि १८ ऑगस्टला, त्यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कटाचा समाधानकारक पुरावा लवादाला दिसला नाही. नरसिंग आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिले. त्या तीन आठवड्यांत देश दोन तटांत विभागला गेला: कट की लबाडी? कोट्यवधी लोकांनी मत दिले. पण मेथॅन्डायनोन म्हणजे काय, ते शरीरात काय करते, तालमीतल्या पोरापर्यंत ते कसे पोचते, हा प्रश्न चर्चेत जवळपास आलाच नाही. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी प्रथम खेळाडूचीच, हा नियमही बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

सात वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, कोपर्निकस मार्गापासून काही किलोमीटरवरच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धा सुरू होती. प्रसाधनगृहात वापरलेल्या सुया पडल्याचे चित्रीकरण बाहेर आले आणि नाडाचे अधिकारी दाखल झाले. त्या दिवशी पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. बाकीचे आलेच नाहीत. स्टीपलचेसमधील एक कुमारवयीन मुलगी शर्यत संपल्यावरही, चाचणी चुकवण्यासाठी, धावतच राहिली, असे वृत्त आले. राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळा त्याच स्टेडियमच्या आवारात आहे. लोक हसले. मला त्या मुलीचे वय आठवून हसू आले नाही. राज्यस्तरीय पदकाच्या कागदावर सरकारी नोकरीतील खेळाडू कोट्याचा दरवाजा उघडतो, हे आम्ही सेवेतली माणसे चांगले जाणतो. त्या सुयांच्या मागे ऑलिम्पिकचे स्वप्न क्वचितच असते. बहुतेकदा पोलिसातली किंवा रेल्वेतली कायम नोकरी असते.

कायदा आहे. २०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी कायदा केला. २०२३ मध्ये नाडाने ५,६०६ नमुने तपासले. त्यांतील २०० हून अधिक, म्हणजे ३.८ टक्के, सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. पण या कायद्याची दृष्टी स्पर्धेतील खेळाडूवर आहे. लग्नाआधी दंड फुगवू पाहणारा तरुण, पोलीस भरतीची तयारी करणारा उमेदवार, गल्लीतल्या जिमचा प्रशिक्षक हे त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी आहे तो १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि राज्याचे अन्न व औषध प्रशासन. तिथे हाताशी असलेली माणसे आणि दुकानांची संख्या यांचा मेळ कधीच बसलेला नाही.

तरीही तीन गोष्टी विशेष खर्चावाचून होऊ शकतात. दम्याच्या औषधाची ओळख डॉक्टरांनी चिठ्ठीवर नव्हे तर तोंडी, घरच्या मोठ्या माणसांसमोर, दोन मिनिटे काढून करून द्यावी. भरतीच्या जाहिरातीबरोबरच शरीरवर्धक गोळ्यांचे परिणाम नेमक्या शब्दांत, कवटीशिवाय, सांगितले जावेत. आणि तालमीच्या वस्तादांना या कामात मानाने सामील करून घ्यावे. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक सांगणारा वस्ताद आणि डबा विकणारा प्रशिक्षक यांत पोरगा कोणाचे ऐकतो, यावर कायद्यापेक्षा जास्त अवलंबून आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते डायनाबॉल बाजारात येण्याच्या सहा वर्षे आधी. हे सांगताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ताकदीचा दुसरा रस्ता आपल्याच मातीत होता, एवढेच स्मरण करून द्यायचे आहे.

सदनातल्या त्या सकाळी मी त्या गृहस्थांना हे सारे माझ्या परीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘मग दोन्हीचं नाव एकच का ठिवलं साहेब?’’ पस्तीस वर्षांच्या सेवेत मला विचारलेल्या प्रश्नांत हा अवघड प्रश्नांपैकी एक होता. मी भोजनगृहाच्या कूपनाच्या मागे दोन ओळी लिहून दिल्या: पहिली मुलीच्या औषधाची, ‘हे डॉक्टरांना विचारून सुरू करा’; दुसरी मुलाच्या गोळ्यांची, ‘हे आजच डॉक्टरांना दाखवा’. मुलगा ताटाकडे बघत होता. त्याने मान वर केली नाही.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. मुलीचा इन्हेलर पुन्हा सुरू झाला होता. ती आता रात्री झोपते, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. मी आनंद व्यक्त केला आणि मग मुलाच्या गोळ्यांचे विचारले. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, ‘‘भरती हाय साहेब, जूनमध्ये. तेवढी होऊ द्या.’’